घेणाऱ्याचा मान

तुळजापूरच्या आसपासच्या गावांत जोगव्याची रीत आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात देवीचं व्रत असलेल्या बायका हातात परडी घेऊन निघतात आणि निदान पाच घरी जोगवा मागतात. त्यांच्यात मोलमजुरी करणाऱ्या असतात, तशा दारात ट्रॅक्टर उभा असलेल्या घरच्याही असतात. अशी सुखवस्तू घरची बाई शेजारच्या पत्र्याच्या घरापुढे जाऊन हाक देते आणि आतली बाई हातातलं काम टाकून पसाभर पीठ घेऊन येईपर्यंत थांबते. कधी आतून 'थांब गं जरा' असंही ऐकू येतं. मग थांबायचं. जे मिळेल ते देवीचं म्हणून परडीत घ्यायचं.

आमच्या जळकोटला लहानपणी हे बघताना मला नवल वाटायचं. घरात कणग्या भरलेल्या असताना मागायला कशाला जायचं? पुढे कळलं की इथे मागणं हाच नवस आहे. ज्याला द्यायची सवय आहे त्याने वर्षातले काही दिवस घेणाऱ्याच्या जागी उभं राहायचं. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण त्याला माणसाच्या मनाची चांगली पारख असली पाहिजे.

दया आणि दान या विषयावर आपल्याकडे कीर्तनांतून, प्रवचनांतून, शाळेच्या निबंधांतून भरपूर बोललं जातं. कर्णाची कवचकुंडलं, शिबी राजाने कापून दिलेलं मांस, या गोष्टी आपण ऐकत वाढलो. त्या सगळ्या देणाऱ्याच्या गोष्टी आहेत. घेणाऱ्याचं पुढे काय झालं, त्याला ते हवं होतं का, घेताना त्याला कसं वाटलं, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. आज मला त्या बाजूने थोडं बोलायचं आहे.

आधी शब्दांकडे बघू. 'दया' म्हटलं की आपल्या मनात कळवळा येतो, वरून खाली पाहिल्यासारखं काहीतरी येतं. पण हा शब्द संस्कृतातल्या ज्या 'दय्' धातूपासून आला, त्याच्या जुन्या अर्थांत देणं, वाटून देणं, राखणं हेही आहे. कणव हा अर्थ पुढे ठळक झाला. 'दान'च्या घरातही तेच. 'दाय' म्हणजे वाटा, आणि त्यावरून वाटेकऱ्याला, भाऊबंदाला 'दायाद' म्हणतात. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी वाटणी आहे. आपल्याजवळ जे आहे त्यात दुसऱ्याचाही वाटा आहे असं धरलं, तर देणाऱ्याने छाती फुगवायचं काही कारण उरत नाही आणि घेणाऱ्याने मान खाली घालायचंही नाही.

शेतीच्या जुन्या व्यवहारात याची खूण सापडते. सुगीत रास घरी नेण्याआधी खळ्यावर जो येईल त्याला सूपभर तरी धान्य घालायचं, ही रीत आमच्या पिढीने पाहिली. वासुदेव, पिंगळा, आराधी, वाटसरू, सगळे यायचे. एखाद्याचा बैल मेला किंवा घरचा माणूस आजारी पडला तर इर्जिक घालायची. गावातली औतं त्याच्या रानात उतरायची, दिवसभरात नांगरट उरकायची आणि त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं. मजुरीचा प्रश्नच नाही. मदत घेणारा त्या दिवशी यजमान असायचा! हे जेवण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे कुणी कुणाचा मिंधा होत नसे.

पण जुन्या गावाचं नुसतं गुणगान करून चालणार नाही. त्याच गावात काही माणसांना भाकरी वरून टाकली जायची. हात लागू नये म्हणून. तीही मानाने नाही, दिवसभर गावाची कामं करून घेऊन त्याबदल्यात, आणि पुष्कळदा शिळी. त्याला वाढणारे धर्म म्हणायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या समाजाला सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस आणि असले उष्टे तुकडे घेणं सोडा. उपाशी माणसाला हातातली भाकरी नाकारायला सांगणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदारांची परिषद झाली तेव्हा बाबासाहेब तिथे आले होते. तेव्हा आजूबाजूचा बराच मुलूख निजामाच्या राज्यात होता. दानाचा विचार करताना मला ही माणसं नेहमी आठवतात. जे घेतल्याने माणूस लहान होतो ते दान नव्हे, हे त्यांनी न घेऊन दाखवून दिलं. शास्त्रांनाही हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत आणि तुच्छतेने, अनादराने दिलेलं दान तिथे तामस ठरवलं आहे. पण पोथीतलं ज्ञान दारापर्यंत यायला वेळ लागतो.

आमचा भाग सीमेवरचा. उमरग्याच्या पुढे गेलं की कर्नाटक लागतं आणि गाडीने दीड-दोन तासांत बसवकल्याण येतं. बाराव्या शतकात या कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वर बिज्जल राजाचे मंत्री होते. खजिना त्यांच्या हाती होता. त्यांनी आणि त्यांच्या शरणांनी दोन शब्द रुजवले, कायक आणि दासोह. कायक म्हणजे अंगमेहनतीचं, सचोटीचं काम. त्या कमाईतून आपल्या गरजेपुरतं ठेवून बाकीचं समाजाला अर्पण करायचं, तो दासोह. गंमत त्या शब्दातच आहे. दासोह म्हणजे मी दास आहे असं मानून देणं. देणारा स्वतःला दाता म्हणत नाही, सेवक म्हणतो. आणि फुकटच्या, लुबाडलेल्या पैशाचा दासोह होत नाही, आधी कायक पाहिजे. काळ्या पैशातून कळस चढवणाऱ्यांची त्या काळच्या कल्याणात अडचण झाली असती.

योगायोग बघा, त्याच बाराव्या शतकात मैमोनिडीझ नावाचा एक ज्यू पंडित होऊन गेला. जन्म स्पेनमधला, पण आयुष्य गेलं इजिप्तमध्ये, कैरोला, वैद्यकी करण्यात. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची पायरी म्हणजे कुरकुरत देणं. त्यावर कमी पण हसतमुखाने देणं, मग मागितल्यावर देणं, मग मागण्याआधी देणं. त्याहून वरच्या पायऱ्यांवर नावं पुसली जातात. आधी घेणाऱ्याला देणारा ठाऊक, पण देणाऱ्याला घेणारा नाही. मग याच्या उलट. मग दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, आपल्याकडचं गुप्तदान म्हणा ना. मला वाटलं होतं इथे जिना संपला असेल. पण आठवी पायरी त्याच्याही वर आहे. माणसाला कर्ज द्या, आपल्या धंद्यात भागीदार करा, काम मिळवून द्या, म्हणजे पुन्हा त्याच्यावर मागायची पाळी येणार नाही. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या माणसाने भीक घालण्यापेक्षा काम देण्याला वरची जागा द्यावी, याचं मला कौतुक वाटतं.

आमच्याकडे ही आठवी पायरी एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाली. तिला कुणी दान म्हटलं नाही. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास आहेत. सुकडी आणि मिलो ज्वारी हे शब्द काढले की ती बोलायला लागतात. पण त्यांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त येते ती खडी. रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या, नालाबांधाच्या कामांवर महाराष्ट्रातली लाखो माणसं गेली. मे १९७३ मध्ये ही संख्या जवळपास पन्नास लाखांवर पोचली होती. एकरांनी जमीन असलेले शेतकरी डोक्याला फडकं बांधून खडी फोडायला बसले. अन्नछत्राच्या रांगेत उभी राहिली नसती अशी ही माणसं. मजुरी कमी होती, वेळेवर मिळत नव्हती, हाताला फोड आले. पण ते दिवस सांगताना या म्हाताऱ्यांचा आवाज पडत नाही. 'आमी फोडली खडी,' असं ते सांगतात. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या दुष्काळाने बळ दिलं, १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशानेही तसाच कायदा केला. काम मागणं हा हक्क झाला.

हक्क आणि दया यांची गल्लत मात्र आपण अजून करतो. एक उदाहरण देतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला त्याचा उपयोगही होईल. आमच्या भागातली माणसं मोठ्या दुखण्याला सोलापूर नाही तर पुणं गाठतात. तिथली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय कायद्याखाली नोंदलेली आहेत. अशा रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी लागते. आणि तरीही आमची माणसं तिथे जाताना कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी खिशात घालून, हात जोडून जातात. मिळालं तर साहेबांची कृपा म्हणतात. ती कृपा नव्हे. ती त्यांच्या वाटणीची खाट आहे.

आता भूकंपाकडे येतो. आमच्या पिढीला दान म्हणजे काय ते भूकंपाने जसं दाखवलं तसं कोणत्याच ग्रंथाने दाखवलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. आमच्याकडे भांडी पडली, माणसं बाहेर पळाली. पन्नास किलोमीटरच्या आत, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात, गावंच्या गावं भुईसपाट झाली होती. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. ती घरं उन्हाळ्यात गार असतात, पण कोसळली की आतल्या माणसाला वाचायला जागा ठेवत नाहीत. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

सोलापूर-हैदराबाद रस्ता आमच्या गावावरून जातो. त्या दिवसापासून कित्येक दिवस त्या रस्त्यावर मदतीच्या गाड्यांची रांग होती. पुण्याच्या, मुंबईच्या, कुठून कुठून आलेल्या. गावागावांतून घरटी भाकरी गोळा झाल्या, बायकांनी रात्र रात्र चुली पेटत्या ठेवल्या. हिंदू, मुसलमान, लिंगायत, जैन, कुणी कुणाला विचारलं नाही. हे सगळं खरं आणि त्याबद्दल वाकडा शब्द काढायची माझी इच्छा नाही. ती भाकरी नसती तर वाचलेली माणसंही जगली नसती.

पण त्याच गाड्यांतून कपडे आले. जुने. इतके, की सास्तूरकडे जाताना रस्त्याकडेला त्यांचे ढीग दिसायचे. पँटी, फ्रॉक, विटलेले स्वेटर, बाह्या उसवलेले सदरे. नऊवारी नेसणाऱ्या बाईने आणि धोतर नेसणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांचं काय करायचं? पाऊस लागला होता, ढीग भिजले, कुजायला लागले. पंधरवड्यानंतर आम्ही काही शिक्षक तिकडे गेलो होतो. पत्र्याच्या निवाऱ्यापुढे बसलेल्या एका म्हातारीला आमच्यातल्या एकाने विचारलं, 'आजी, काय पाहिजे?' ती म्हणाली, 'कापडं नगं, बाबा. माजं खुरपं मातीत गेलंय. तूर उभी हाय रानात, पेरणी तोंडावर आलीया.'

खुरपं! नळदुर्गच्या बाजारात तेव्हा ते दहा-वीस रुपयांत मिळत असेल. रस्त्यावरून शेकडो गाड्या गेल्या, पण खुरपी भरलेली गाडी मी पाहिली नाही. पुढच्या खेपेला आम्ही खुरपी, विळे आणि दोरखंडं घेऊन गेलो आणि ती अर्ध्या तासात संपली. घेताना लोक तपासून घेत होते. पात्याला धार आहे का, मूठ घट्ट आहे का. कपड्यांच्या ढिगाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते इथे नव्हतं, बाजारात आल्यासारखी ती माणसं हुज्जत घालत होती.

नंतर घरांचा प्रश्न आला. बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. सरकारने जागतिक बँकेचं कर्ज घेतलं आणि अनेक गावं देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. घरं पक्की आणि भूकंपाला टिकणारी होती, हे आधी मान्य करू. पण आखणी शहरातल्या वसाहतीसारखी, सरळ रस्ते आणि एकसारखे चौकोन. बैल कुठे बांधायचे, कडब्याची गंज कुठे रचायची, हे नकाशात नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले. बायकांनी कुरकुर केली तर 'फुकट मिळालंय ना?' असं ऐकावं लागलं. फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार करायची सोय नसते, हा दानातला मोठाच काटा आहे.

दुसरीकडे जी गावं हलवायची नव्हती तिथे वेगळा प्रयोग झाला. दोन लाखांच्या आसपास घरं मालकांनी स्वतः दुरुस्त करायची, पैसा आणि साहित्य सरकारने द्यायचं. कोणती भिंत उतरवायची, कुठे पट्टा घालायचा, गवंडी कोण, हे घरच्यांनी ठरवायचं. गावागावांतल्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. या कामात प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगाचा मोठा वाटा होता. कधी ग्रामपंचायतीची पायरी न चढलेल्या बायका अभियंत्याला सिमेंटचा हिशेब विचारायला लागल्या.

अशी आणखीही कामं झाली. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेलं आणि पुढे वाघोलीला ठेवून वर्षानुवर्षं शिकवलं. नळदुर्गच्या पलीकडे, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि खेड्यातल्याच बायकांना प्राथमिक उपचार शिकवून 'भारतवैद्य' केलं. ही माणसं गाडी रिकामी करून परतली नाहीत. राहिली.

आणि मग २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायकांपैकी काही जणी तिकडे गेल्या. भाषा येत नव्हती. पण घर पडलेल्या बाईला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. दुरुस्तीचा पैसा कसा मिळवायचा, कामावर नजर कशी ठेवायची, आपसात गट कसा करायचा, हे त्यांनी तिथल्या बायकांना सांगितलं. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्यापुढे जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता, त्या आता दुसऱ्याच्या दारात गेल्या होत्या, आणि हात हलवत नव्हत्या गेल्या.

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची हौस आहे. समाजमंदिरातलं पातेलं घ्या, त्याच्या काठावर देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि तारीख. मला त्यात फार वावगं वाटत नाही, पातेलं चोरीला जात नाही एवढा तरी उपयोग होतो. पण नाव भांड्यावर असणं वेगळं आणि भुकेल्याच्या घासावर असणं वेगळं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पूर आला, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या भूम-परंड्याकडची शेतं मातीसकट वाहून गेली. तेव्हा आलेल्या मदतीच्या काही पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रं छापलेली होती. त्यावर टीका झाली, समर्थनही झालं. मला एवढंच वाटलं, की चिखलातून बाहेर आलेल्या माणसाच्या हातात पीठ देताना हसरा चेहरा छापलेली पिशवी द्यायला जरा धीटपणा लागतो.

तो पूर ऐन नवरात्रात आला. आमच्या रस्त्याने कर्नाटकातून, तेलंगणातून तुळजापूरला पायी जाणारे भाविक त्या दिवसांत असतात, गावोगावी त्यांच्यासाठी चहा, फराळ, पायाला लावायला तेल ठेवलेलं असतं. गावातल्या पोरांनी त्यातच पूरग्रस्तांसाठी वर्गणी काढली. बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. एकाने म्हटलं, आधी विचारा तरी. तिकडच्या एका शाळेतल्या ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, बिस्किटं पुरून उरलीत. जनावरं उपाशी आहेत, कडबा वाहून गेला. आणि पोरांच्या वह्या.

वह्या घेणं सोपं होतं. कडब्याचं तसं नाही. नव्या ज्वारीची काढणी माघ-फाल्गुनात, म्हणजे घरात असतो तो गेल्या सालचा उरलेला, आणि तो आपल्या जनावरांना पुरवून पुरवून घालायचा असतो. पोरं दारोदार फिरली. कुणी पंचवीस पेंढ्या दिल्या, कुणी पाच. एका विधवा बाईने दोन काढल्या आणि म्हणाली, 'माजी एकच म्हैस हाय, भागंल.' टेम्पो संध्याकाळी भरून निघाला.